उंद्रीच्या पुढचा चौकोन

"पक्ष्यांवर काहीतरी लिहा, आणि जरा प्रसन्न होऊ द्या," असं या अंकाच्या संपादकांनी मला फोनवर सांगितलं. मी बरं म्हटलं. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, की आपल्याजवळ प्रसन्न असं फारसं काही नाही. लोणारला जाऊन सरोवराच्या काठचे मोर पाहिलेली माणसं पुष्कळ आहेत, त्यांना विचारा. माझ्याजवळ आहे तो उंद्रीच्या पुढचा एक चौकोन. त्याचा विषय निघाला की मी आजही पाणी आणायच्या निमित्ताने उठून स्वयंपाकघरात जाते. पण दुसरं काही लिहिलं तर ते सजवून लिहिल्यासारखं होईल, म्हणून तेच लिहिते.

मी मुळात पक्ष्यांची बाई नाही. नोकरीभर आरेखक होते, म्हणजे नकाशे काढणारी. आमचं खातं तलाव आणि धरणं बांधायचं. साहेब लोक जागा पाहून यायचे, मोजणीवाले आकडे आणायचे, आणि मी ऑफिसात उंच स्टुलावर बसून त्याची रेघ काढायची. धरण भरलं की पाणी कुठवर येईल, ती रेघ. तिच्या आत जे जे येतं त्याला बुडीत म्हणतात. माझी रेघ फार चांगली होती. ट्रेसिंगच्या कागदावर अख्ख्या तलावाचा काठ काढायची, शाई कुठे जाड नाही, कुठे बारीक नाही. अक्षर तर असं, की नवीन साहेब आले की विचारायचे, हे छापून आणलं का? त्याचा मला अभिमान होता. खरं सांगायचं तर अजून आहे, जायला पाहिजे होता तरी गेला नाही. त्या रेघेच्या आतली गावं मात्र मी कधी पाहिली नाहीत. नकाशावर घर म्हणजे एक बारीक ठिपका, आणि ठिपक्याकडे जाऊन कोण बसतं?

आमचे हे एसटीत ड्रायव्हर होते. जिल्ह्यातला असा फाटा नाही जिथे ह्यांनी गाडी थांबवली नाही. मी निवृत्त झाल्यावर चिखलीतल्या एका कॉलेजचे इंगळे सर घरी आले. ते प्राणिशास्त्र शिकवतात. जिल्ह्याची पक्षीगणना करायची आहे, नकाशाचे चौकोन पाडून द्याल का, असं विचारत होते. मी उत्तर द्यायच्या आत हे खुर्चीवरून म्हणाले, "दे पाडून. इतके दिवस गावं बुडवली, आता पाखरं मोज. तेवढंच पाप फिटन." सगळे हसले. मीही हसले.

चौकोन कशाला हे सांगते, कारण मलाही ते समजायला वेळ लागला. पक्षी पाहणाऱ्या माणसाला नुसतं "जा, मोजून ये" म्हटलं की तो लोणारला जातो, नाहीतर एखाद्या तलावावर. जिथे पक्षी दिसतात तिथेच तो जाणार. मग कागदावर असं दिसतं की अख्खा जिल्हा पाखरांनी भरलेला आहे. सोयाबीनच्या वावरात, कापसाच्या जिनिंगच्या मागे, नुसत्या मुरमाड माळावर काय आहे ते कुणालाच ठाऊक नसतं. म्हणून नकाशावर उभ्या-आडव्या रेघा मारायच्या, सारख्या मापाचे चौकोन करायचे आणि त्यातले काही चिठ्ठ्या टाकून निवडायचे. चिठ्ठीत निघेल तिथे जायचं, आवडनिवड नाही. काही दिसलं नाही तर काही दिसलं नाही असं लिहायचं, तेही कामाचं असतं. आणि पुढच्या वर्षी पुन्हा त्याच चौकोनात जायचं, मग तो कसाही झालेला असो. हा शेवटचा नियम मला तेव्हा अगदी साधा वाटला होता.

लोकांना हा न्याय पचत नाही. एक डॉक्टर होते, मांडीएवढी लेन्स लावलेला कॅमेरा गळ्यात घालून आले. त्यांच्या चिठ्ठीत पोल्ट्रीच्या शेडचा चौकोन निघाला. मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, माझा चौकोन जरासा सरकवता येईल का? थोडाच पश्चिमेला. तलाव येतो." मी म्हटलं, डॉक्टर, तुमचा सरकवला तर सगळा जिल्हा सरकवावा लागेल. ते रागावले, पण गेले, आणि गणनेच्या कागदावर पहिलंच नाव लिहून आणलं: कोंबडी, पांढरी, असंख्य. एक निवृत्त मुख्याध्यापक होते, त्यांच्या वावरात मोर येतात. त्यांचा चौकोन चिठ्ठीत निघाला नाही तर चिठ्ठ्या नीट घोळल्या नव्हत्या म्हणून भांडायला आले. दोघी शिक्षिकांच्या वाट्याला चिखलीचं धान्य मार्केट आलं. नाकं मुरडत गेल्या आणि पोत्यांवरच्या चिमण्यांत अशा रमल्या, की शेवटी अडत्यानेच चहा पाजून त्यांना घरी पाठवलं. हे सगळं सांगायला बरं वाटतं. इथेच थांबता आलं असतं तर संपादकांनाही बरं वाटलं असतं.

अडचण निराळीच निघाली. कॉलेजची पोरं मोबाइल हातात धरून चौकोन शोधायची आणि माळावर मोबाइलवरचा ठिपका भलतीकडेच उड्या मारायचा. एक जोडी दिवसभर शेजारच्या चौकोनात मोजत बसली. इंगळे सर म्हणाले, चालायचंच. मला चालेना. चौकोन असे नेटके काढायचे आणि माणसं त्यात वाकडी उभी राहणार? मी म्हटलं, जागेवर जाऊन खुणा करून देते. कोपऱ्याच्या दगडाला चुना फासायचा आणि वर लाल ऑइलपेंटने नंबर घालायचा. आमच्या खात्याच्या मोजणीची हीच पद्धत होती, दुसरी मला माहीतच नव्हती. कुणी नको म्हटलं नाही. ह्यांनी स्कूटरला चुन्याची पिशवी अडकवली आणि आम्ही निघालो.

उंद्रीच्या पुढे एका फाट्यावरून आत गेलं की एक गाव आहे. नाव लिहीत नाही. त्या गावाचं काही चुकलं असं मला वाटत नाही, आणि नाव लिहिलं की चुकल्यासारखं दिसेल. गावाच्या मागे ई-क्लासची जमीन. बाहेरच्या वाचकांना सांगते, ई-क्लास म्हणजे सरकारी चराईची जमीन. मालक कुणी नाही, ढोरं-बकऱ्या सगळ्यांच्या. आमच्याकडे बहुतेक गावांची ई-क्लास केव्हाच वखराखाली गेली. कुणीतरी पट्टा धरतो, पेरतो, आणि कधीतरी सरकार तो नावावर करून देईल या आशेवर बसतो. या गावाची तेवढी राहिली होती. खडकाळ उतार, गुडघाभर वाळलेलं गवत, मधेमधे उघडा मुरूम, आणि एक हिवराचं झाड. माझा चौकोन नेमका या जमिनीवर पडला होता. चैत्र संपत आला होता. ह्यांना सावलीत बसवून मी वाकून दगडावर "क-१४" असं लिहीत होते. मान वर केली तर बरीच माणसं गोल करून उभी.

बोलायला पुढे होता तो सुखदेव. चाळिशीचा, स्वतःचा ट्रॅक्टर असलेला, गावात शब्दाला वजन असलेला माणूस.

"मॅडम, कोणतं धरण हाये?"

"धरण नाही हो. पक्षी मोजायचे आहेत."

माणसं एकमेकांकडे पाहून हसली. टिंगल नव्हती. लहान मूल थाप मारतं तेव्हा मोठी माणसं हसतात तसं समजूतदार हसली.

"पाखरं," सुखदेव म्हणाला. "आन् पाखरायसाठी चुना?"

"मोजणाऱ्या पोरांसाठी. त्यांना जागा सापडावी म्हणून."

"मंग नंबर काऊन टाकला?"

मी चौकोन समजावून सांगितले, चिठ्ठ्या समजावून सांगितल्या. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग तो म्हणाला, "रोड हाये का मंग? का सोलर?"

"काहीच नाही. कुणाची इंचभर जमीन जाणार नाही. मी सांगते ना."

"हाव," तो म्हणाला. "माह्या बापालेबी असंच सांगतलं होतं. काईच होत नाई, निस्ती मोजणी हाये. त्यायनं ऐकलं. शेजाऱ्यानं वावरात संत्र्याची कलमं खोसली, त्याचा बगिचा धरला, पैसा जास्त भेटला. आमचं पडीत धरलं. मंग तलाव झाला, वावर गेलं, घरबी गेलं. तवापासून आमी अथी हाये."

कोणता तलाव, मी विचारलं. त्याने नाव सांगितलं. तो माझाच होता. म्हणजे रेघ माझी. त्या रेघेवर साहेबांनी शाबासकी दिली होती ते मला आठवलं, आणि त्या माणसासमोर ते आठवल्याची लाज वाटली.

"तुमी कोणत्या खात्यात हाये, मॅडम?"

शाळेत होते म्हणाले असते तर कदाचित ते गवत आज उभं असतं. पण मी खात्याचं नाव सांगितलं. निवृत्त झाले हेही सांगितलं, जसं काही त्याने फरक पडणार होता. सुखदेवने मान डोलावली, दगडावरच्या नंबराकडे पाहिलं आणि म्हणाला, "अक्षर सरकारीच हाये." मग त्याने आम्हा दोघांना घरी नेऊन चहा पाजला. अक्षराचं कौतुक झालं म्हणून मी मनातून खूश होते. माणसाने किती मूर्ख असावं त्याला काही धरबंद नाही.

आठवडाभराने मोजणीला मीच गेले. त्या चौकोनाची पोरं परीक्षेत अडकली होती आणि एव्हाना मला पक्षी बऱ्यापैकी ओळखू यायला लागले होते. उजाडताना पोचायचं, ठरलेल्या वाटेने हळूहळू चालायचं, जे दिसेल, ऐकू येईल ते लिहायचं. त्या दिवशी लिहून लिहून हात दुखला. तितर, माळटिटव्या, वर हवेत थांबून गाणारे चंडोल, एक कापशी घार. आणि धाविक. हा पक्षी आता सहज दिसत नाही. लांब पायांचा, तांबूस, धावत सुटतो, मधेच थांबतो, पुन्हा धावतो. त्याला अशीच ओसाड जागा लागते. आपण जिला पडीत म्हणून नाव ठेवतो, तीच.

हिवराच्या सावलीला बकऱ्या राखत बानोबी बसली होती. पन्नाशीची, नवरा वारलेला, मुलगी खामगावला दिलेली. घरात ती आणि बकऱ्या. पक्ष्यांचं तिला काडीचं कौतुक नव्हतं. तिच्या हिशेबी मोठं ते सगळं टिटवी आणि लहान ते सगळं चिमणी. मी धाविक दाखवला तर म्हणाली, "हे का पाखरू हाये, मॅडम? कोंबडीचं पिल्लू वाटते." एवढ्यात तिची शहाजादी नावाची बकरी मुरमावर वाकली आणि मी ओरडले. तिथे जमिनीवर, ना काडी ना गवत, धाविकाची दोन अंडी होती, खड्यांसारखी ठिपक्याठिपक्यांची. बानोबीने शहाजादीला शिंगाला धरून ओढलं. "हट वं, तुले काई अक्कल? मॅडमची अंडी हाये ते." आम्ही दोघी हसलो. मग तिने फडकं सोडून ज्वारीची भाकर आणि ठेचा काढला, अर्धी भाकर माझ्या हातावर ठेवली.

खाता खाता ती म्हणाली, "मॅडम, एक इचारू का? खरं सांगसान?"

"विचार की."

"गावात सारे म्हणून राह्यले, हे जागा जाते. ज्याच्याजोळ वहितीचा पट्टा असन त्यालेच काई भेटन, बाकीच्यायले नाई. सुखदेवनं दोरी लावून पट्टे पाडले, आता ट्रॅक्टर घालते. मले म्हणे, बानोबी, हिवराजोळचा पट्टा तू धर, तुह्या बकऱ्या अथीच बसते, तुले कोणी नाई म्हणत नाई. धरू का मी?"

हा प्रश्न तिने मला विचारला. गावातल्या कुणाला नाही, मला. मी भाकरीचा घास गिळला आणि म्हटलं, "बानोबी, जमीन कुठेही जात नाही. नकाशा मी काढला आहे. मला माहीत नसेल तर कुणाला माहीत असेल?"

"मंग हे सारे?"

"उगाच घाबरलेत. तू कशाला नांगरतेस? नांगरून टाकलंस तर बकऱ्या कुठे चारशील? तुझं गवत राहू दे तुला."

तिने शहाजादीच्या पाठीवरून हात फिरवला. "बरं," ती म्हणाली. "तुमी लिवल्या-वाचल्या बाई. तुमी सांगता तं खरंच असन. मी सुखदेवले नाई म्हणून सांगतो."

गावात एकीला तरी पटलं म्हणून मी हरखून गेले. परत जाताना सुखदेवलाही गाठून पुन्हा सांगितलं, ग्रामपंचायतीत जाऊन सांगितलं. घरी आल्यावर इंगळे सरांना फोन केला, तर त्यांनी कॉलेजच्या कागदावर, सही-शिक्क्यासह, या कामाचा भूसंपादनाशी काहीही संबंध नाही असं लिहून पाठवलं. आता कळतं की एवढं करायला नको होतं. आमच्याकडे सरकारी माणूस एकदा "काही नाही" म्हणाला तर लोक सावध होतात. पुन्हा पुन्हा म्हणाला तर खात्रीच होते. आणि लेखी, शिक्क्यासकट म्हणाला, म्हणजे मग जो कुणी अजून थांबलेला असेल तोही ट्रॅक्टर काढतो. बत्तीस वर्षं त्या खात्यात काढून ही गोष्ट मला ठाऊक नव्हती. मी स्टुलावर बसून होते ना.

आषाढात दुसरी मोजणी होती. स्कूटरवरून उतरले आणि मला आधी वाटलं, आपण फाटा चुकलो. गवत नव्हतं. उताराच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत सोयाबीन, पट्ट्या-पट्ट्यांनी, मधे नवे धुरे, म्हणजे बांध. अंड्यांचं काय झालं हे विचारण्यात अर्थ नव्हता. हिवर एका धुऱ्यावर उभा होता. माझे दगड मात्र सगळे जागच्या जागी होते. कुणी हलवले नव्हते, उलट त्यांना ताजा चुना फासला होता, आणि क-१४ वर कुणीतरी पुन्हा लाल रंग फिरवला होता. सरकारी दगड आपल्या धुऱ्यावर आहे म्हणजे आपला पट्टा सरकारने पाहिला, असा त्यांचा हिशेब. हे म्हणाले, "चाल, घरी जाऊ." मी म्हटलं, मोजायचं आहे. सोयाबीनमधून फिरले, साळुंक्या लिहिल्या, होले लिहिले. चंडोल एकही नाही.

बानोबी सापडली ती रस्त्याच्या कडेला. बकऱ्या दोरीला बांधून धरल्या होत्या, रस्त्याच्या आणि नालीच्या मधला गवताचा काठ खाऊ घालत होती. मोटारसायकल आली की दोऱ्या ओढून धरायच्या. बकऱ्याही कमी झालेल्या दिसत होत्या.

"सारे पट्टे वाटून झाले, मॅडम," ती म्हणाली. "मले नाई भेटला."

मी हिवराजवळच्या पट्ट्याकडे पाहिलं.

"मी सांगतलं ना सगळ्यायले, मॅडम म्हणते जागा जात नाई. तं हसले. हिवराजोळचा मंग सुखदेवच्या साळ्यानं धरला." आणि मग, टोमणा नाही, राग नाही, माझी समजूत काढल्यासारखं ती म्हणाली, "पण तुमचं खरं निंगालं बरं का. जागा कोणी नेली नाई."

माझं खरं निघालं होतं. अख्ख्या नोकरीत आमच्या खात्याने जे खोटं सांगितलं ते लोकांना भोगावं लागलं. मी एकदाच खरं सांगितलं, ते एकाच बाईने खरं मानलं, आणि तेवढ्याच बाईचं गेलं. बाकीच्यांनी मला खोटं धरलं, त्यांच्या हातात पट्टे होते. मी रस्त्यावर उभी होते आणि पायाखालची नाली मोठी असती तर तीत उतरले असते.

मी म्हटलं, "मी तहसीलमध्ये अर्ज करते. हे अतिक्रमण आहे, काढायला लावते."

तिने माझा हात धरला. "नका करू माय. माह्यं नाव येईन त्यात. मले याच गावात राहाचं हाये."

तिचं बरोबर होतं. मला काय, मी स्कूटरवर बसून चिखलीला येणार होते. अर्ज केला नाही. घरी आल्यावर ह्यांनी सगळं पुन्हा ऐकून घेतलं. गावं बुडवल्याचा तो नेहमीचा विनोद त्यांनी त्या दिवशी केला नाही, आणि त्यानंतरही कधी केला नाही. केला असता तर बरं वाटलं असतं.

दिवाळीनंतर गणनेचा कार्यक्रम झाला. मंचावर माझा नकाशा मोठा करून लावला होता. जिथे पक्ष्यांचे प्रकार जास्त तो चौकोन गडद हिरवा, जिथे कमी तो फिका. सगळ्यात गडद होता क-१४, कारण नकाशात पहिल्या मोजणीचे आकडे घेतले होते. मी इंगळे सरांना आधीच सांगितलं होतं, तिथे आता काही नाही. ते म्हणाले, खाली टीप टाकू. टीप टाकली होती, पण ती मागच्या रांगेतून कुणाला दिसणार? मला शाल आणि नारळ दिला, पक्षीमित्र म्हणाले. टाळ्या वाजत होत्या आणि माझ्या पाठीमागे तो हिरवा चौकोन होता. मी एकदाही मागे वळून पाहिलं नाही. ती शाल अजून कपाटात आहे, घडी मोडलेली नाही.

यंदा पुन्हा त्याच चौकोनात जायचं होतं. नियम माझाच, मी डॉक्टरांना ऐकवलेला. दुसऱ्या कुणाला पाठवता आलं असतं, पण ते लपल्यासारखं झालं असतं. ह्यांचे गुडघे धरले होते, म्हणून मी एसटीने गेले आणि फाट्यावरून चालत आत आले. सोयाबीनचं निंदण चालू होतं, बायका ओळीने बसल्या होत्या. सुखदेवच्या पट्ट्यात बसलेल्यांमध्ये बानोबी होती. मी दिसल्यावर खुरपं घेऊनच ती धुऱ्यावर आली.

"कशा हाये, मॅडम? पाखरं भेटले का?"

"भेटले थोडे. गायबगळे आहेत."

"ते कोंबडीच्या पिल्लावानी होतं, ते?"

"ते नाही."

"जाऊ द्या," ती म्हणाली. बकऱ्यांचं मी विचारायच्या आत तिनेच सांगितलं, शहाजादी तेवढी ठेवली, बाकीच्या विकल्या, रस्त्याच्या काठावर किती जगवायच्या. आता रोजाने जाते. हे सगळं तिने मला काही देणं-घेणं नसल्यासारखं सांगितलं. मग तिने मागे वळून बायकांकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"एक इचारू का, मॅडम? खरं सांगसान?"

मागच्या वेळचेच शब्द.

"कॉलेजचे पोरं आले होते, ते बोलले, औंदा तुमचे नवे चौकोन पडते म्हणे. कोणत्या ई-क्लासवर पडते? मले अगोदर सांगा. माह्या पोरीच्या दिराजोळ ट्रॅक्टर हाये. या वक्ती मी सगळ्यायच्या पहिले पट्टा धरतो."

नवे चौकोन खरंच पडले होते. इंगळे सरांनी तालुक्यात आणखी काही वाढवले होते, आणि मी आधीच सांगून टाकलं होतं की या वेळी चुना नाही, रंग नाही, दगडाला हात लावायचा नाही. त्यातला एक चौकोन तिथून दिसत होता. नाल्यापलीकडे, फाट्याकडे जाताना डाव्या हाताला जे टेकाड लागतं, त्याच्यावर. शेजारच्या गावाची ई-क्लास, गवत अजून उभं. त्या भागात उरलेलं तेवढंच.

त्या गवतावर कुणाचा हक्क असेल तर तो बानोबीचा होता. माझ्यामुळे तिचं गेलं, माझ्याकडून ते भरून मागायला ती आली होती, आणि तेही अगदी सरळ, मान खाली न घालता. मी नुसतं बोट दाखवलं असतं तरी पुरे होतं. पण बोट दाखवलं की ते टेकाडही गेलं. काय करावं ते मला आजही कळलेलं नाही. त्या वेळी तोंडातून आलं ते एवढंच:

"अजून काही ठरलं नाही, बानोबी."

"खरं सांगा."

"खरंच ठरलं नाही."

तिने माझ्याकडे टक लावून पाहिलं. मग ती हसली, अगदी मोकळी, आणि खुरप्याची माती पदराला पुसली. "बरं बरं, नका सांगू. समजलं मले. सुखदेव म्हणतेच ना, मॅडम नाई म्हणते तवा असते." तिला राग आला नव्हता. माझ्या बोलण्याचा अर्थ कसा लावायचा ते आता तिलाही येत होतं, आणि ते आलं म्हणून ती खूश होती. गावात मला खरं मानणारी एक होती, तीही संपली.

मी निघाले. थोडं पुढे गेल्यावर वळून पाहिलं तर ती निंदायला बसली नव्हती. धुऱ्यावरच उभी होती, डोळ्यांवर हात धरून. मी कुठे पाहते ते ती पाहत होती. तेवढ्यात डाव्या अंगाला, टेकाडाच्या वर, चंडोल गायला लागला. तिथे गवत उभं आहे, वर चंडोल आहे, खाली कदाचित धाविकही असतील. पक्षी मोजणाऱ्या बाईने अशा वेळी मान वर करून पाहायचं असतं. बानोबीची नजर माझ्या पाठीवर होती, आणि मी थेट फाट्यापर्यंत मान खाली घालून चालत गेले.